बीज, क्षेत्र आणि मातृवारसा : अहमदनगर जिल्ह्यातील बाजरी-ज्वारी व नर-वंध्यत्वाच्या ज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना :

अपत्यहीनतेचा दोष स्त्रीच्या माथी मारण्याची रीत महाराष्ट्रीय समाजात जुनी आहे. या रीतीची साक्ष भाषाही देते. 'वांझ', 'वांझोटी' हे शब्द स्त्रीसाठी, गाईम्हशीसाठी, क्वचित झाडासाठी वापरले जातात. त्यांच्या तोडीचा पुल्लिंगी शब्द बोलीत रूढ नाही. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते शरीरसंबंधाच्या असमर्थतेचे आहेत. शरीराने धडधाकट, संबंधास समर्थ आणि तरीही पिता होऊ न शकणारा पुरुष, या अवस्थेस लोकभाषेने स्वतंत्र नावच दिले नाही. ज्याला नाव नाही त्याची तपासणी होत नाही आणि त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही.

याच महाराष्ट्राच्या शेतीत मात्र 'नर-वंध्यत्व' हा शब्द गेल्या सहा दशकांत बिनदिक्कत वापरला जात आहे. संकरित बाजरी आणि संकरित ज्वारी यांचे बियाणे ज्या मादी वाणावर घेतले जाते, तो वाण नर-वंध्य असतो. हे वंध्यत्व आईकडून येते आणि त्याचे मूळ पेशीतील मायटोकॉन्ड्रिया म्हणजेच तंतुकणिका यांच्या जनुकांत असते. पुरुषांमधील कारण न सापडणाऱ्या वंध्यत्वाचा शोध घेताना आज जगभरचे संशोधक ज्या तंतुकणिकांकडे वळले आहेत, त्यांचा नर-प्रजननाशी असलेला संबंध प्रथम उलगडला तो पिकांच्या कणसांत.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. अकोले तालुक्याचा डोंगराळ पश्चिम भाग सोडल्यास बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेत येतो. प्रवरा, मुळा व गोदावरीच्या कालव्यांखालील ऊसपट्टा वगळता पारनेर, पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या तालुक्यांचा संसार खरिपाची बाजरी आणि रब्बीची ज्वारी यांवर चालत आला. महात्मा फुले कृषी विद्यापीठ हेही याच जिल्ह्यात, राहुरी येथे आहे. त्यामुळे या विषयाचा इतिहास पाहण्यास हा जिल्हा सोयीचा ठरतो.

उद्दिष्टे :

१. पेशीद्रव्यीय नर-वंध्यत्वाच्या शोधाचा आणि त्याच्या कृषी-उपयोगाचा आढावा घेणे.
२. अहमदनगर जिल्ह्यातील बाजरी व ज्वारी या पिकांच्या संदर्भात या ज्ञानाचे परिणाम तपासणे.
३. पिकांतील या ज्ञानाचा पुरुष-वंध्यत्वाच्या अभ्यासाशी असलेला संबंध आणि त्या संबंधाच्या मर्यादा स्पष्ट करणे.

बीज आणि क्षेत्र : एक जुने रूपक

भारतीय परंपरेत प्रजननाचा विचार शेतीच्या भाषेत झाला आहे. पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र, अशी मांडणी मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात येते आणि अपत्यावर हक्क कोणाचा, बीजाच्या धन्याचा की क्षेत्राच्या धन्याचा, याची चर्चा तेथे केली जाते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार घटकांची आवश्यकता सांगितली आहे. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. आयुर्वेदाने शुक्रदोषांचे स्वतंत्र वर्गीकरण केले होते. म्हणजेच अपत्यहीनतेचे कारण पुरुषात असू शकते, हे प्राचीन वैद्यकास मान्य होते. लोकव्यवहाराने मात्र वैद्यकातील हा भाग बाजूला ठेवला आणि 'शेत नापीक' एवढाच निष्कर्ष उचलला. दुसरे लग्न, नवससायास, माहेरी धाडणे या सर्व उपायांमागे हाच निष्कर्ष होता.

या रूपकात एक मूलभूत गृहीतक दडलेले आहे. ते असे की, वारसा बीजातून येतो आणि क्षेत्र केवळ पोषण करते. विसाव्या शतकातील आनुवंशिकीने या गृहीतकाला दोनदा धक्का दिला. पहिला धक्का मेंडेलच्या नियमांच्या पुनःशोधाने, म्हणजे इ.स. १९०० मध्ये बसला. माता व पिता दोघेही जनुकांचा समान वाटा देतात हे मान्य झाले. दुसरा धक्का अधिक अनपेक्षित होता. काही गुणधर्म फक्त आईकडूनच येतात, असे दिसू लागले.

पेशीद्रव्यातील वारशाचा शोध

इ.स. १९०९ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी गुलबक्षीच्या चट्टेरी पानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील परसांत सर्रास दिसणाऱ्या या झाडाच्या पानांचा रंग परागकण कोणत्या फांदीवरचे आहेत यावर अवलंबून नव्हता. बी ज्या फांदीवर धरले तिच्या पानांसारखीच पाने नव्या रोपास येत. केंद्रकाबाहेरील पेशीद्रव्यातही वारसा असतो, असा याचा अर्थ होता. स्त्रीबीज आकाराने मोठे आणि पेशीद्रव्याने भरलेले असते, तर नरबीज जवळजवळ केंद्रकापुरतेच मर्यादित असते. त्यामुळे पेशीद्रव्याचा वारसा आईच्या बाजूने चालतो.

नर-वंध्यत्वाच्या संदर्भात हा विचार क्रमाक्रमाने पुढे सरकला. १९२१ मध्ये विल्यम बेटसन आणि ॲलिस गेर्डनर यांनी जवसातील नर-वंध्यत्वाचे वर्णन केले. अमेरिकेत मार्कस ऱ्होड्स यांनी १९३१ व १९३३ मध्ये मक्यातील नर-वंध्यत्व पेशीद्रव्यातून येते हे दाखविले. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे हेन्री जोन्स यांना १९२५ मध्ये कांद्याचे एक असे झाड मिळाले की ज्याच्या फुलांत परागकण नव्हते; १९४३ मध्ये जोन्स व क्लार्क यांनी त्याचा उलगडा केला. पेशीद्रव्यात वंध्यत्वाचा घटक असला तरी केंद्रकातील विशिष्ट जनुक त्यास आवर घालू शकतो, असे त्यांना आढळले. ज्वारीच्या बाबतीत हे काम टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी १९५४ मध्ये केले. मायलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात काफिर ज्वारीचे केंद्रक आले की परागकण तयार होत नाहीत, असे त्यांनी सिद्ध केले. बाजरीत ग्लेन बर्टन यांनी जॉर्जियातील टिफ्टन येथे 'टिफ्ट २३ ए' हा नर-वंध्य वाण तयार केला.

या शोधाचे व्यावहारिक महत्त्व समजण्यासाठी ज्वारी-बाजरीच्या फुलाची रचना लक्षात घ्यावी लागते. कणसात शेकडो लहान फुले असतात व त्यांत नर आणि मादी हे दोन्ही भाग असतात. दोन वाणांचा संकर करावयाचा तर मादी वाणाच्या प्रत्येक फुलातील परागकोष हाताने काढावे लागतील. एकरी पेरणीला पुरेल इतके बियाणे अशा रीतीने तयार होणे अशक्य होय. मादी वाणच नर-वंध्य असला तर हे काम निसर्गच करून ठेवतो.

त्यातून तीन ओळींची पद्धत निर्माण झाली. पहिली 'ए' ओळ नर-वंध्य; हिच्यावर बी धरते, पण तिला स्वतःचा पराग नाही. दुसरी 'बी' ओळ केंद्रकाने 'ए' सारखीच, परंतु पेशीद्रव्य निकोप असल्याने पराग देणारी. ती 'ए' ओळीचा वंश टिकवून ठेवते. तिसरी 'आर' ओळ पुनःस्थापक. तिच्या केंद्रकात वंध्यत्व दूर करणारा जनुक असतो. 'ए' ओळीवर 'आर' ओळीचा पराग पडला की तयार होणारे संकरित बी शेतकऱ्याच्या रानात पूर्ण दाण्यांची कणसे देते. या संकरित रोपाच्या पेशीद्रव्यात आईचा वंध्यत्वाचा घटक तसाच असतो. पित्याकडून आलेला जनुक त्याला निष्प्रभ करतो एवढेच. वंध्यत्व हा एकट्या आईचा किंवा एकट्या बापाचा गुण नसून दोहोंच्या जुळणीचा परिणाम आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

जिल्ह्याच्या शिवारात संकरित वाण

भारतात ज्वारीचा पहिला संकरित वाण 'सीएसएच-१' १९६४ मध्ये प्रसारित झाला. त्याची मादी अमेरिकन काफिर ज्वारीची नर-वंध्य ओळ होती. बाजरीचा पहिला संकरित वाण 'एचबी-१' पंजाबात लुधियाना येथे डॉ. डी. एस. अठवाल यांनी 'टिफ्ट २३ ए' वापरून तयार केला व तो १९६५ मध्ये प्रसारित झाला. याच काळात, १९६४ मध्ये, बद्रिनारायण बारवाले यांनी जालना येथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी म्हणजेच महिको स्थापन केली. १९६६ मध्ये बियाणे कायदा आला. १९६८ मध्ये कृषी विद्यापीठाची स्थापना झाली व पुढे राहुरी हे त्याचे मुख्यालय झाले. १९७६ मध्ये अकोला येथे महाबीज सुरू झाले. अवघ्या बारा वर्षांत संकरित बियाण्याची शास्त्रीय, व्यापारी व कायदेशीर चौकट उभी राहिली, असे यावरून दिसते.

बीजोत्पादन हे वेगळ्या शिस्तीचे काम आहे. संकरित बाजरीच्या प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटसाठी इतर बाजरीपासून २०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर विलगीकरण अंतर राखावे लागते. सामान्यतः मादीच्या चार ओळींमागे नराच्या दोन ओळी पेरल्या जातात. मादीच्या ओळीत एखादे झाड पराग सांडताना दिसले, तर ते फुलोऱ्यातच उपटून टाकावे लागते. अन्यथा संपूर्ण प्लॉटचे बियाणे बाद होण्याची भीती असते. ज्या समाजात पुरुषाचे वंध्यत्व उच्चारणे लाजिरवाणे मानले जाते, त्याच समाजातील शेतकरी आपल्या प्लॉटमधील 'नर-वंध्य' ओळीची शुद्धता डोळ्यांत तेल घालून जपतो, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

राहुरी विद्यापीठाने पुढे या पद्धतीने स्वतःचे संकरित वाण दिले. त्यांतील 'श्रद्धा' व 'सबुरी' ही बाजरीच्या वाणांची नावे ऐकताच जिल्ह्यातील शिर्डीची आठवण होते. कमी पावसात लवकर तयार होणारी संकरित बाजरी पर्जन्यछायेतील तालुक्यांना मानवली. तथापि या पद्धतीची एक किंमत होती. संकरित पिकाचे दाणे पुढील वर्षी बियाणे म्हणून पेरले, तर गुणधर्मांची फाटाफूट होऊन पीक एकसारखे येत नाही. परिणामी कणगीतील बी राखण्याची रीत मागे पडली आणि शेतकरी दरवर्षी बियाण्याच्या पिशवीवर अवलंबून राहू लागला. बी निवडण्याचे व राखण्याचे काम परंपरेने घरातील स्त्रीकडे होते. ते तिच्या हातून गेले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे जतन केले व त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. 'बीजमाता' ही त्यांची ओळख बीज हे पित्याचेच असते या जुन्या रूपकाला सहज छेद देणारी आहे.

आरोप आणि पुरावा : १९७० चा मका व बाजरीवरील गोसावी

मातृवारशाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण १९७० च्या दशकात घडले. अमेरिकेत त्या काळी मक्याच्या सुमारे ८५ टक्के क्षेत्रावरील संकरित बियाण्यात 'टेक्सास' नावाचे एकच पेशीद्रव्य होते. १९७० मध्ये पानांवरील करपा रोगाची साथ आली आणि त्या देशाचे सुमारे १५ टक्के मक्याचे पीक बुडाले. रोगाची बुरशी नेमकी याच पेशीद्रव्याच्या झाडांवर तुटून पडत होती. येथे दोष खरोखरच मातृवारशाचा होता. १९७६ मध्ये लेव्हिंग्ज व प्रिंग यांनी निकोप आणि नर-वंध्य मक्याच्या तंतुकणिकांतील डीएनए वेगळा असल्याचे दाखविले. १९८६ मध्ये त्यांतील 'टी-यूआरएफ १३' हा जनुक ओळखला गेला. याच जनुकाचे प्रथिन परागकणांचा नाश करते आणि तेच बुरशीच्या विषाला वाट मोकळी करून देते.

जवळजवळ त्याच वर्षांत भारतात संकरित बाजरीवर केवडा रोगाच्या साथी आल्या. या रोगात कणसाचे रूपांतर हिरव्या पानांच्या जटेसारख्या गुच्छात होते, म्हणून मराठी शेतकरी त्याला 'गोसावी' म्हणतात. 'एचबी-१' आणि १९६८ मध्ये आलेला 'एचबी-३' हे दोन्ही वाण 'टिफ्ट २३ ए' या एकाच मादीवर उभे होते व दोन्ही रोगाला बळी पडले. त्यातच महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ आला. मक्याचे उदाहरण समोर असल्याने बाजरीतही पेशीद्रव्यच दोषी असावे, असा संशय येणे स्वाभाविक होते. परंतु पुढे केलेल्या तुलनात्मक चाचण्यांत एकाच केंद्रकाच्या नर-वंध्य आणि निकोप ओळी रोगाला सारख्याच बळी पडतात असे दिसून आले. दोष पेशीद्रव्याचा नव्हता. मादी वाणाच्या केंद्रकात रोगप्रतिकाराचे जनुक नव्हते आणि सर्वत्र तोच वाण पेरला गेला होता. म्हणूनच पुढे रोगप्रतिकारक मादी ओळी तयार करताना पेशीद्रव्य तेच ठेवूनही साथ आटोक्यात आणता आली. आजही भारतातील बहुतांश संकरित बाजरी त्याच मूळ पेशीद्रव्यावर आधारलेली आहे.

दोन पिके, दोन साथी, एकच आरोप आणि दोन वेगळे निकाल. मातृवारशाकडे बोट दाखविण्यापूर्वी पुरावा मागितला पाहिजे, हा धडा या इतिहासातून मिळतो. तो माणसांनाही लागू आहे.

मालदांडीची अनिच्छा

रब्बी ज्वारीची कथा निराळी आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून 'एम ३५-१' हा वाण निवडला गेला. भाकरीची चव, मोत्यासारखा दाणा व कडब्याचा दर्जा या गुणांमुळे तो नगर-सोलापूर पट्ट्यात आजही आदर्श मानला जातो. खरीप ज्वारीत यशस्वी झालेले संकरित तंत्र रब्बीत मात्र रुजले नाही. थंडीत फुलोरा आल्यास पुनःस्थापक जनुकाचे कार्य मंदावते व दाणे नीट भरत नाहीत. खोडमाशीचा प्रश्न असतो. आणि दाण्याच्या प्रतीत संकरित वाण मालदांडीला गाठू शकत नाहीत. त्यामुळे राहुरी विद्यापीठाने फुले यशोदा, फुले वसुधा, फुले अनुराधा, फुले रेवती असे जे वाण रब्बीसाठी दिले, ते संकरित नसून सुधारित, म्हणजे घरचे बी राखता येणारे आहेत. बाजरीतही २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेला लोहयुक्त 'धनशक्ती' हा वाण याच प्रकारचा आहे.

विशेष म्हणजे मालदांडीच्या पेशीद्रव्यातच नर-वंध्यत्वाचा एक वेगळा प्रकार दडलेला आहे, असे भारतीय संशोधकांना आढळले. ज्वारीच्या वर्गीकरणात तो 'ए ४' गटात मोडतो. मालदांडी स्वतः भरपूर दाणे देते, कारण तिच्या स्वतःच्या केंद्रकात त्या घटकाला आवर घालणारे जनुक आहेत. तिचे पेशीद्रव्य परक्या केंद्रकाशी जोडले तरच वंध्यत्व प्रकट होते. या प्रकाराचे पुनःस्थापक दुर्मीळ असल्याने त्याचा व्यापारी उपयोग फारसा झाला नाही. परंतु सुदृढ दिसणाऱ्या वंशातही असा घटक पिढ्यान्‌पिढ्या निद्रिस्त राहू शकतो, ही गोष्ट त्यामुळे स्पष्ट झाली.

तंतुकणिका आणि नर-प्रजनन

नर-वंध्यत्व आणि तंतुकणिका यांचा संबंध दोन प्रकारे समजावून घेता येतो. पहिले कारण ऊर्जेचे आहे. परागकणांचे पोषण करणाऱ्या ऊतकात तंतुकणिकांची संख्या झपाट्याने वाढते. मक्यात ती सुमारे ४० पट होते असे १९७८ मध्ये दाखविले गेले. इतर अवयवांत खपून जाणारा दोष येथे उघडा पडतो. दुसरे कारण उत्क्रांतीचे आहे. तंतुकणिका आईकडून मुलाकडे जातात, पण मुलाकडून पुढे जात नाहीत. त्यामुळे एखादा बदल स्त्रीला अपायकारक नसेल आणि पुरुषाला अपायकारक असेल, तर नैसर्गिक निवड त्याला वंशातून काढून टाकू शकत नाही. हा विचार फ्रँक आणि हर्स्ट यांनी १९९६ मध्ये मानवी रोगांच्या संदर्भात मांडला. २००४ मध्ये गेमेल, मेटकाफ व ॲलेनडॉर्फ यांनी त्याला 'मातेचा शाप' असे नाव दिले.

मानवी तंतुकणिकांतील डीएनएची संपूर्ण रचना १९८१ मध्ये केंब्रिज येथे वाचली गेली. तीत १६,५६९ अक्षरजोड्या व ३७ जनुके आहेत. मक्याच्या तंतुकणिकांतील डीएनए सुमारे ५,७०,००० अक्षरजोड्यांचा असतो आणि त्याची तोडमोड होऊन नवे जनुक तयार होत राहतात. पिकांतील वंध्यत्वाचे घटक अशाच तोडमोडीतून जन्मले. मानवी तंतुकणिकांत अशा घडामोडीस फारसा वाव नाही. म्हणून बाजरीच्या कणसावरून माणसाबाबत थेट अनुमान काढता येत नाही. प्रश्न कोणता विचारावा हे पिकांनी शिकविले. उत्तर मात्र मानवी अभ्यासातूनच मिळवावे लागते.

पुरुष-वंध्यत्वाचा शोध : भारतीय वाटचाल

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वास सामोरे जावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचा पूर्णतः किंवा अंशतः वाटा असतो. वैद्यकात दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या जातात. वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल किंवा आकार सदोष असून कारण सापडत नाही, ते अज्ञातहेतुक वंध्यत्व. आणि तपासणीत सर्व ठीक असून, पत्नीतही दोष नसताना अपत्य होत नाही, ते अस्पष्टीकृत वंध्यत्व होय.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून नळीतील गर्भधारणेने बालिकेचा जन्म झाला. त्यापूर्वी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी असे यश मिळविले होते, हे पुढे मान्य झाले. १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथे एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र यशस्वी झाले. या तंत्राने असंख्य पुरुषांना पितृत्व दिले. परंतु कारण शोधण्याची निकड मात्र कमी केली.

कारणांचा शोध हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने चालू ठेवला. तेथील के. थंगराज, लालजी सिंग व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भारतीय वंध्य पुरुषांच्या 'वाय' गुणसूत्रातील त्रुटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांनी शुक्राणूंची हालचाल मंद असलेल्या एका पुरुषाच्या तंतुकणिकांचा अभ्यासही मांडला. त्या पुरुषाच्या शुक्राणूंतील डीएनए आणि रक्तातील डीएनए यांची तुलना केली असता शुक्राणूंत जे बदल दिसले, ते रक्तात नव्हते. याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. बदल आईकडून आले असते, तर ते सामान्यतः सर्व शरीरात दिसले असते. तंतुकणिकेचा प्रत्येक दोष हा मातृवारसा नसतो. तो त्या पुरुषाच्याच शरीरात, वृषणात निर्माण झालेला असू शकतो.

अन्यत्र झालेल्या अभ्यासांचे चित्रही सरळ नाही. स्पेनमध्ये २००० साली विशिष्ट मातृवंशाचा मंद शुक्राणूंशी संबंध सुचविला गेला. पुढे इतर लोकसमूहांत तो सर्वत्र आढळला नाही. कॅनडातील क्यूबेक प्रांतात सतराव्या शतकातील एका स्त्रीपासून चालत आलेल्या दृष्टिदोषाच्या बदलाचा मागोवा २०१७ मध्ये घेतला गेला. त्याचा फटका पुरुष वंशजांना अधिक बसल्याचे दिसले. पण तो प्रामुख्याने बालमृत्यूच्या रूपाने, वंध्यत्वाच्या नव्हे. २०२३ मध्ये तर परिपक्व मानवी शुक्राणूंत अखंड मायटोकॉन्ड्रियल डीएनए जवळजवळ नसतोच, असे दाखविण्यात आले. शुक्राणूच्या मध्यभागी ५० ते ७५ तंतुकणिका असतात, मात्र त्यांतील डीएनए आधीच काढून टाकलेला असतो. ज्या पुरुषांच्या वीर्याचा दर्जा कमी असतो, त्यांच्या शुक्राणूंत हा डीएनए अधिक प्रमाणात शिल्लक राहिलेला आढळतो. तो दोषाचे कारण नसून शुक्राणू घडविण्याची प्रक्रिया अपुरी राहिल्याची खूण असू शकते. शिवाय तंतुकणिकेतील हजाराहून अधिक प्रथिनांपैकी केवळ १३ प्रथिनांचे जनुक तिच्या स्वतःच्या डीएनएत असतात. उरलेले सर्व केंद्रकात, म्हणजे माता व पिता दोघांकडून येतात.

'शाप' या शब्दाचा धोका

वरील विवेचनाचे सामाजिक महत्त्व येथे लक्षात येते. 'मातेचा शाप' हे नाव पाश्चात्त्य संशोधकांनी उपरोधाने योजले असले, तरी महाराष्ट्रातील खेड्यात ते शब्दशः घेतले जाण्याची भीती आहे. आजवर अपत्यहीनतेचा दोष सुनेवर येत असे. उद्या तो सासूवर ढकलला जाईल आणि पुरुष पुन्हा मोकळा राहील. दोष एका स्त्रीकडून दुसऱ्या स्त्रीकडे सरकविणे याला ज्ञान म्हणता येणार नाही.

यावरील उपाय साधा आहे. वीर्यतपासणी ही सोपी, अल्पखर्ची व वेदनारहित तपासणी आहे. स्त्रीच्या तपासण्या त्या मानाने खर्चिक व त्रासदायक असतात. तरीही अनेक घरांत क्रम उलटा असतो. अहमदनगर जिल्ह्यात या विचाराच्या प्रसारास अनुकूल परंपरा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातील सामान्य स्त्रियांनाच आरोग्य-कार्यकर्त्या म्हणून घडविले. लोणी येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. राहुरीचे विद्यापीठ शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेले आहे. नर-वंध्य ओळ म्हणजे काय हे ज्या शेतकऱ्याला प्लॉटवर उभे राहून समजते, त्याला पुरुष-वंध्यत्व समजावून सांगणे अवघड नसावे. दिसायला जोमदार असलेल्या ताटाचे परागकोष रिकामे असू शकतात, हे त्याने पाहिलेले असते.

निष्कर्ष :

१. पेशीद्रव्यीय नर-वंध्यत्वाच्या शोधाने 'पुरुष बीज, स्त्री क्षेत्र' या रूपकाचा शास्त्रीय आधार नाहीसा केला. स्त्री वारसा देते. काही वारसा तर तीच देते.

२. संकरित बाजरीने अहमदनगरच्या कोरडवाहू तालुक्यांना उत्पादन दिले, मात्र बियाण्याबाबतचे परावलंबनही दिले. रब्बी ज्वारीने व 'धनशक्ती'सारख्या वाणांनी दुसरा मार्ग खुला ठेवला.

३. १९७० च्या मक्यात मातृ-पेशीद्रव्य दोषी ठरले, बाजरीत निर्दोष ठरले. दोष ठरविण्यापूर्वी तुलनात्मक पुरावा आवश्यक असतो.

४. मानवी तंतुकणिका व पुरुष-वंध्यत्व यांचा संबंध खरा असला तरी तो सर्वस्वी मातृवारशाचा नाही. शुक्राणूंतील अनेक बदल त्या पुरुषाच्याच शरीरात घडतात आणि बहुतेक संबंधित जनुके दोन्ही पालकांकडून येतात.

५. पित्याच्या तंतुकणिका अपत्याकडे जात नसल्याने त्यांच्या डीएनएतील दोष मुलाबाळांत उतरण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. 'वाय' गुणसूत्रातील त्रुटी मात्र मुलग्याकडे जाऊ शकते. जोडप्यास सल्ला देताना हा भेद स्पष्ट केला पाहिजे.

६. अपत्यहीन जोडप्याच्या तपासणीत पुरुषाची तपासणी प्रारंभीच व्हावी. ज्या जिल्ह्याने शिवारातील नर-वंध्यत्व न लाजता समजून घेतले, त्या जिल्ह्याने घरातील नर-वंध्यत्वही तितक्याच निःसंकोचपणे समजून घेणे उचित ठरेल.